ब्युनोस आयर्सच्या संध्याकाळी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

हॉटेलवाले तुला जेवणासकट टँगो शो सुचवतील. तो पाहिला नाहीस तरी चालेल, मिलोंगा मात्र चुकवू नकोस. मिलोंगा म्हणजे गावातली माणसं स्वतः नाचायला जमतात ती मैफल. रात्रीच्या मिलोंगात अकरा-बाराच्या आत रंग भरत नाही, म्हणून दुपारी झोप काढ.

तिथे एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग लागतात, ती ‘तांदा’. मग मिनिटभर भलतंच संगीत वाजतं आणि सगळे जागेवर परततात. वाद्यवृंदप्रमुखांपैकी दारिएन्सोचा ठेका टोकदार, दी सार्लीची चाल संथ आणि गुळगुळीत. तांद्याचं पहिलं गाणं नुसतं ऐकलंस तरी फरक कळेल. बांदोनेओन या टँगोतल्या भात्याच्या वाद्याचा सूर आपल्या पेटीसारखा हवेने थरथरणाऱ्या पट्ट्यांतूनच निघतो. पण भाता उघडताना आणि मिटताना एकच बटण बहुधा वेगवेगळे स्वर देतं, त्यामुळे ते शिकणं महाकठीण.

नाचाचं आमंत्रण नजरेने देतात. समोरच्याने मान हलवली आणि तुझी तयारी असेल, तर तूही हलव. पण लगेच उठू नकोस! मान तुझ्या मागच्या बाईसाठीही हललेली असू शकते. तो अगदी पुढ्यात येऊन उभा राहीपर्यंत बसून राहा. नाचायचं नसेल तर नजर ग्लासात. दोन गाण्यांच्या मध्ये सौजन्य म्हणून ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणालीस, तर ‘पुरे झालं’ असा अर्थ होतो. ते तांदा संपल्यावरच. आणि फरशी मधून ओलांडू नकोस, कडेने जा. जोड्या घड्याळाच्या उलट, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याही उलट फिरतात.

टेआत्रो कोलोन हे इथलं ऑपेरागृह १९०८ साली ‘आइदा’ या ऑपेराने उघडलं. महागड्या खुर्चीचा हट्ट नको. सगळ्यात वरच्या ‘पाराईसो’त उभ्याची तिकिटं स्वस्त असतात, आणि नालाच्या आकाराच्या त्या सभागृहात आवाज तिथेही स्वच्छ पोचतो. मात्र जागा मधली घे. कडेला उभं राहिलं की अर्धा रंगमंच दिसतच नाही. घुमटावरची चित्रकार सोल्दीची १९६६ची चित्रं तिथून जवळ येतात. ऑपेरा तीन-चार तास चालतो, तेव्हा चपला सपाट हव्यात. वर झळकणारा अनुवाद स्पॅनिशमध्ये असतो, म्हणून कथानक आधी वाचून जा. मेट्रोची डी लाइन, स्टेशन त्रिबुनालेस. जानेवारीत हंगाम नसतो, तेव्हा सुट्टी टाकण्याआधी कार्यक्रमपत्रिका बघ.

सोमवार मोकळा राहिला तर कोनेक्स या सांस्कृतिक केंद्रात ‘ला बोम्बा दे तिएम्पो’ हा वादकांचा ताफा ऐक. नुसती तालवाद्यं, आणि संचालक हाताच्या खुणांनी जागच्या जागी रचना घडवतो. कानात घालायला कापूस ने.

तुझी,
आई