नर्सबाई, तुम्ही आत्याचं विचारलंत

नर्सबाई, सप्रेम नमस्कार.

मायना लिहिताना अडखळले. सगळ्या गावानं तुम्हाला नर्सबाईच म्हटलं. आता निवृत्त होऊन तुम्ही लेकाकडे परभणीला गेलात, तरी मला दुसरं काही म्हणता येत नाही. हे पत्र चारचौघांत वाचलं जावं म्हणून लिहितेय. भावाला विचारलंय. तो म्हणाला, लिही, फक्त गावाचं नाव घालू नको.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या चुलत्यांच्या मुलीला बार्शीला, कर्करोगाच्या दवाखान्यात नेलं. बार्शी मराठवाड्यात नाही, सोलापूर जिल्ह्यात येते. पण आमच्याकडे ‘बार्शीला नेलं’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. १९८७ पासून तिथं खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते, आणि आमच्या घरात त्यातलं अवाक्षर कुणी बोललेलं नव्हतं. ती एक्केचाळीसची, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. छातीतली गाठ चार महिने अंगावर काढलेली.

मी घाबरून तालुक्याला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, आईला होता? सख्ख्या बहिणीला? नाही म्हटल्यावर, “मग कशाला काळजी करता?” घरी येऊन मोबाईलवर धोका मोजायची एक सोय शोधली. वय किती, पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं बाळंतपण कधी, पूर्वी गाठीचा तुकडा तपासलाय का, आई-बहीण-मुलगी यांच्यात कुणाला? आकडा लहान आला. मी निश्चिंत होऊन भाकरी थापायला बसले. हे गणित मुळात १९८९ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांच्या माहितीवर बांधलेलं आहे आणि त्यात बापाकडच्या बायकांना जागाच नाही, हे मला खूप नंतर कळलं.

त्याच आठवड्यात तुम्ही आशाताईंना घेऊन तिशीपुढच्यांचा तो फॉर्म भरायला आलात. छातीत गाठ आहे का, आकार बदललाय का, बोंडातून रक्त येतं का, हे विचारून झालं. घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार, हेही झालं. फॉर्म संपला. पेनाला टोपण लावता लावता तुम्ही म्हणालात, “आत्या किती हो तुम्हाला?”

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. तरुणपणी धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जी मोठी तपासणी १९९९ मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी तुम्ही गावोगाव फिरला होतात. सव्वा लाखावर बायका होत्या त्या अभ्यासात. तिथं तुम्हाला ही सवय लागली असावी: कागद संपला तरी बाई संपत नाही.

माझ्या पोराची जुनी वही घेऊन तुम्ही चौकोन आणि गोल काढायला लागलात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आईकडचं मी घडाघडा सांगितलं. मावश्या, त्यांची दुखणी, सगळं पाठ. वडिलांच्या बाजूला आले आणि पाटी कोरी. थोरली आत्या गेली, बास. कशानं? “छातीला जखम झाली होती म्हणतात.” आजी? “पोटात पाणी झालं होतं.” तुमचा हात थांबला. पोटातलं पाणी कधी कधी बीजकोशाच्या कर्करोगाचं असतं आणि स्तन न् बीजकोश या दोन्हींचा धोका एकाच बिघाडातून येऊ शकतो, हे तुम्ही तेव्हा सांगितलं नाहीत. नुसतं विचारलंत, “वय काय होतं त्यांचं?”

वय कुणाला ठाऊक! आमच्यात जन्मतारीख असते ती शाळेच्या मास्तरानं घातलेली, आणि आजीच्या पिढीतल्या बायका शाळेत गेल्याच नाहीत. मग तुम्ही ओसरीवर वडिलांपुढे बसलात. आजी लग्न होऊन आली तेव्हा रझाकार होते का गेले होते? आत्याचं लग्न दुष्काळाच्या आधी का नंतर? वडील म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळातच, वऱ्हाडाला सुकडी होती, पंधरा-सोळाची असेल. आणि गेली ती किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात. तुम्ही बोटांवर मोजून गोलात लिहिलंत: ३६. आजीच्या गोलात ३८, पुढं प्रश्नचिन्ह.

धोका जोखताना किती जणींना झाला याइतकंच किती लहान वयात झाला, यालाही वजन असतं. म्हातारपणी एखादीला झाला तर तो घराण्याचाच असेल असं नाही. पण एकाच बाजूला तीन बायका, पन्नाशीच्या आतल्या, म्हणजे विचारलंच पाहिजे. मी म्हटलं, पण आमच्या आईला तर काहीच नाही! तेव्हा तुम्ही दाराबाहेर हात केलात. “मांजरा उन्हाळ्यात कोरडीच दिसती ना? वाळूत हातभर झिरा खांदला की पाणी लागतंच की. बापयातून हे असं जातं, वरून दिसत नाही.”

पुढची धावपळ आटोपशीर सांगते. तपासणी आधी आजारी माणसाची करायची, म्हणजे बिघाड नेमका कुठं आहे ते सापडतं. ते सापडलं की बाकीच्यांची तेवढीच एक जागा तपासता येते आणि खर्चही कमी होतो. हे तुम्हीच फोनाफोनी करून आणलेलं ज्ञान. चुलत बहिणीच्या रक्तात बीआरसीए-१ या जनुकात बिघाड निघाला. मग माझं रक्त गेलं. भाऊ मात्र तयार होईना. “मला काय छाती हाय का?” तुम्ही तीनदा त्याच्या शेतावर गेलात. तिसऱ्यांदा ऊसतोड चालू होती, तुम्ही पाचटावर बसून राहिलात म्हणे.

माझ्यात तो बिघाड नाही. भावात आहे.

त्या संध्याकाळी वडील जेवले नाहीत. “म्हंजी माझ्याकडूनच गेलं न्हवं?” असं त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. समुपदेशक बाईंनी पुण्याला आम्हाला सगळं नीट समजावलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कागदात नव्हतं. तुम्ही म्हणालात, “आबा, ही वाटणी तुम्ही केली न्हाई. तुमच्या आईनंबी केली न्हाई.” मग ताट तुम्हीच वाढलंत.

आणि ते दाणे! पुण्याला आम्ही टक्के ऐकून आलो होतो, डोक्यात काहीच राहिलं नव्हतं. तुम्ही परातीत ज्वारीचे शंभर दाणे मोजून घेतलेत. आपल्या देशातल्या बायकांत आयुष्यभरात साधारण अठ्ठावीस-एकोणतीस जणींमागे एकीला हा आजार होतो, म्हणजे शंभरात तीन-चार. तेवढे दाणे उचलून तुरीचे टाकलेत. आई किंवा बहीण आजारी असेल तर धोका जवळपास दुप्पट, म्हणून आणखी तीन-चार तुरी. दुप्पट हा शब्द ऐकून मी रात्रभर जागले असते. परातीत बघितलं तर अजून ज्वारीच ज्वारी. मग म्हणालात, आता बीआरसीए-१ वाल्या बायका, आणि मुठीनं तूर ओतलीत. ऐंशीव्या वर्षापर्यंत शंभरात सत्तरएक. हा आकडा मुख्यतः परदेशी कुटुंबांवरून काढलेला आहे, आपल्याकडे थोडा इकडेतिकडे होईल, हेही बोलून गेलात. परात अर्ध्याहून जास्त लाल दिसायला लागली. वहिनी तोंडाला पदर लावून उठून गेली.

तिच्यामागे तुम्ही आत गेलात. काय बोललात ते तिनं मला परवा सांगितलं: मुलींकडे तो बिघाड आलाय की नाही, हे अजून माहीत नाही. प्रत्येकीला निम्मी शक्यता, आणि एकीचा निकाल दुसरीला लागू नाही. तपासणीही आत्ता नको, अठरा उलटल्यावर त्यांची त्यांनी ठरवायची. आलाच असेल तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, आणि पुढे काय करायचं यालाही वाटा आहेत. आणि सोयरिकीच्या वेळी? वहिनीला खरी भीती त्याची होती. तुम्ही म्हणालात, “पोरीचं रक्त, पोरीची चिठ्ठी. कुणाला दाखवायची ते ती ठरवंल, तू न्हाई अन् तिची आत्याबी न्हाई.” आत्या म्हणजे मी. मला ते जरा लागलं, पण बरोबर होतं.

माझा कागद स्वच्छ आला म्हणून मी पेढे आणले, तर तुम्ही अर्धाच खाल्लात. परातीतल्या त्या तीन-चार तुरी माझ्याही आहेत, असं ऐकवलंत. सासूबाई मध्येच म्हणाल्या, हे सगळं सुनेच्या माहेरचं, आमच्या घराण्यात नाही. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हा आजार झालेल्या नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आई-बहीण-लेकीत कुणालाच तो नसतो. “मी चार लेकरं पाजली,” सासूबाई. पाजल्यानं धोका थोडा उतरतो, पाजलेल्या दर वर्षामागे चारेक टक्के, पण शून्य होत नाही. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं: चोळीत बटवा ठेवल्यानं होतो म्हणतात, मी तर ठेवतच नाही. तुम्ही स्वतःच्या झंपरातून पाकीट काढून दाखवलंत. अख्खी ओसरी हसली आणि त्याच हशात तुम्ही त्यांना तपासायला आत नेलंत. मुंबईला टाटा रुग्णालयानं १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यात दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. सासूबाईंना यातलं काही सांगितलं नाहीत. त्यांना सांगून उपयोगही नव्हता.

मी शाळामास्तरीण, वाचायची खोड. नंतर वाचलं की १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी बाईंनी हा बिघाड सतराव्या गुणसूत्रावर आहे असं दाखवलं, तेव्हा त्यांच्यापुढेही तेवीस कुटुंबांच्या वंशावळीच होत्या. चौकोन आणि गोल. फरक इतकाच, की त्यांना वयं काढायला दुष्काळ आणि भूकंप लागले नसतील.

चुलत बहिणीचे उपचार संपलेत, केस आलेत, कुरळे आलेत. भाऊ स्वतःच्या तपासणीला जातो, न सांगता. वहीचं ते पान आता त्याच्याकडे आहे. थोरली भाची सतरा वर्षांची झाली. दिवाळीत तिनं ते बाहेर काढलं आणि आत्याच्या गोलाखालचं नाव खोडलं. म्हणाली, हे तर सासरी ठेवलेलं. आजोबांना विचारून माहेरचं घातलं. आजीचं मात्र आबांनाही आठवेना. तिच्या गोलात अजून तुमच्या हातचं ३८ आणि प्रश्नचिन्ह तेवढं आहे.

परभणीहून आमच्याकडे यायला आता एसटी थेट नाही, हे मला माहीत आहे. बीडला उतरा, भाऊ मोटारसायकल घेऊन येईल.

तुमची,
चौथ्या गल्लीतली मास्तरीण