बोटीवरून, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बोट घेतल्याचं तुम्हाला दादाकडून कळलं, माझ्याकडून नाही. हे तुम्हाला लागलं असणार. फोनवर आई रडायला लागली की माझं सांगायचं सगळं राहून जातं, म्हणून हे पत्र.

तर हो, घेतली. शिडाची, तीस फुटी, १९७६ सालची. सहा वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. वर शेवाळ, आत कोळिष्टकं, गाद्यांना बुरशी. बाबा, तुम्ही फोटो बघून "भंगार घेतलंस" म्हणालात. पण मी डोळे मिटून पैसे टाकले नाहीत. आधी सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा माणूस, आणला. त्याने वीत-वीत अंतरावर छोट्या हातोडीने सगळी बोट ठोकून पाहिली, मडकं वाजवून घेतात तशी. जिथे फायबरग्लास धड तिथे खणखणीत आवाज येतो, आत पाणी मुरलं असेल तिथे बद्द. बुडाचा आवाज सगळीकडे खणखणीत आला. त्या काळी फायबरग्लास किती टिकेल याचा पुरता अंदाज नव्हता, म्हणून थर जाड द्यायचे. ते माझ्या पथ्यावर पडलं. बद्द आवाज आला तो डेकवर, डोलकाठीपाशी.

त्या आवाजाने माझे चार महिने खाल्ले. डेकमध्ये खाली-वर फायबरग्लासचे पातळ थर असतात आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड. कुणीतरी कधीतरी तिथे एक स्क्रू मारला, त्याच्या कडेने वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी झिरपलं. मी वरचा थर कापून उचलला तर खालचं लाकूड काळं, लिबलिबीत, मुठीने उपसता येईल असं. उपसलं, महिनाभर वाळवलं, नवं बसवलं, वरून इपॉक्सी. ते म्हणजे दोन द्रवं मिसळली की घट्ट होणारा चिकट पदार्थ, वजन करून कालवावा लागतो. प्रमाण चुकलं की नीट घट्ट होत नाही, आणि एकदम जास्त कालवलं की भांड्यातच तापून धूर निघतो. काम झाल्यावर मी हातोडी घेऊन तिथेच ठोकलं. खणखणीत वाजलं. बाबा, तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला फोन करावासा वाटला होता. केला नाही.

आता तुमच्या काळज्या. वाऱ्याने उलटेल का? तिच्या साडेचार टन वजनातलं पावणेदोन टन नुसतं शिसं आहे, अगदी खाली, कीलमध्ये, म्हणजे बुडाखाली पंखासारखा भाग असतो त्यात. वारा तिला कलवतो, ते वजन तिला उभी करतं. बुडाला भोकं असतात हे दादाने कशाला सांगितलं कळत नाही, पण प्रत्येक भोकाला झडप आहे आणि प्रत्येक झडपेशेजारी त्याच मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवलंय. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो, म्हणून सिलिंडर बाहेरच्या वेगळ्या खणात आहे आणि त्या खणाची मोरी थेट समुद्रात निघते. विषारी धुराचा अलार्मही उशाशी आहे. आणि मी समुद्र ओलांडायला निघालेले नाही. बोट धक्क्याला बांधलेली असते, मी रोज सकाळी ऑफिसला जाते.

आई, "एकटी, एकटी" असं तू तीनदा म्हणालीस. म्हणून इथली एक रीत सांगते. दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता पाऊल टाकणं हा इथे मोठा उद्धटपणा. कितीही ओळख असो, धक्क्यावर उभं राहून बोटीच्या अंगावर टकटक करायची, आतून होकार आला की मगच चढायचं. आणि तरी, मी राहायला आले त्याच्या दुसऱ्याच रात्री, वारा सुटलेला असताना, दोन वाजता माझ्या डोक्यावर पावलं वाजली. मी श्वास धरून पडून राहिले. पावलं डोलकाठीपाशी थांबली, जरा खुडबुड झाली, आणि गेली. सकाळी बघते तर शीड वर चढवायचा दोर डोलकाठीपासून लांब ओढून बाजूच्या तारेला बांधलेला. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, पोकळ. दोर सैल राहिला की वाऱ्यात तिच्यावर टणटण आपटतो आणि सगळा धक्का जागा होतो. तो बांधण्यापुरतं मात्र कुणीही कुणाच्याही बोटीवर न विचारता चढतं. मालकाला उठवायचं नाही, सकाळी तो विषयही काढायचा नाही. माझा दोर कुणी बांधला हे मला अजून माहीत नाही. गेल्या आठवड्यात मीही रात्री उठून तीन बोटींचे दोर बांधून आले. माझ्या बोटीवर काही वाजलं तर उठणारी माणसं शेजारी आहेत, एवढं मनात असू दे.

बाबा, पैशांचं. फ्लॅटसाठी साठवले होते त्यातले अर्ध्याहून जास्त यात गेले. तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाला असतात म्हणून विचारलं नाही. तुमच्या औषधांचे पैसे दर महिन्याला येतात तसेच येतील, त्यात एक दिवसही पुढे-मागे होणार नाही. आईच्या पाटल्या लॉकरमध्ये जशाच्या तशा आहेत.

दादाच्या लग्नाचं तिकीट काढलंय, दहा दिवस राहणार आहे. साखरपुड्याला जमत नाही. सुट्टी डेकच्या कामात संपली. तेव्हा तारीख ठरली नव्हती, पण ठरणार हे मला माहीत होतं. वहिनीला मी वेगळं लिहीन. मावशीने सुचवलेल्या स्थळाला बोटीचं आधीच सांगा, लपवू नका. भेटायला माझी ना नाही.

आई, इथला पलंग बोटीच्या नाकात आहे, पायाकडे निमुळता होत जातो. चौकोनी पांघरूण दोन्हीकडून लोंबतं आणि ओलं होतं. लग्नाच्या गडबडीतून वेळ मिळाला तर या मापाची गोधडी शिवशील? कागद कापून सोबत ठेवला आहे, घडी उलगडून जोडून घे. पायाकडची बाजू जेमतेम दीड फूट आहे, ती तशीच ठेव.

तुमची,
धाकटी