ताई, निघायच्या आधीच हे लिहितेय

प्रिय ताई,

आभार खरं तर परत आल्यावर मानतात, फोटो टाकून, अमुक रूट (चढायची वाट) झाला तमुक टॉवर (खडकाचा सुळका) झाला असं सांगून. पण मला ते आत्ताच मानायचेत, अमेरिकेत युटाला क्लाइंबिंगसाठी निघायच्या आधी, कारण तू जे केलंयस ते तिथे आमच्याकडून काय चढून होतं यावर अवलंबूनच नाहीये. इंडियन क्रीकला, म्हणजे तिथल्या उभ्या फटींच्या भिंतींवर, एकही रूट धड झाला नाही तरी या पत्रातलं अक्षर बदलणार नाही. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तू सांगितलेल्यातलं बरंच काही वाळवंटातल्या सँडस्टोनवर (वालुकाश्मावर) जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, ते आपल्या दोघींच्या चॅटमध्येच का पडून राहावं.

मी पहिल्यांदा मेसेज केला तेव्हा विचारलं होतं की कुठले रूट करू. तू रूटचं नावच काढलं नाहीस, उलट विचारलंस, पाऊस पडला तर किती दिवस थांबायची तयारी आहे? मला तेव्हा कळलंच नाही की वाळवंटात जायचं तर पावसाचं काय. मग तू फोन लावून समजावलंस की तिथला विंगेट सँडस्टोन म्हणजे साधारण २० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, वाऱ्याने आणून टाकलेली वाळू दबून दबून खडक झालेली, आणि पाणी मुरलं की वाळूच्या कणांना धरून ठेवणारे बंध ढिले पडतात, मग होल्ड, म्हणजे धरायची पकड, सरळ तुटून हातात येतो आणि फॉल बसला की कॅमच्या, म्हणजे रोप अडकवायला फटीत बसवतो त्या स्प्रिंगच्या साधनाच्या, दाबाने फटीची कडच फुटू शकते. वरून खडक सुकलेला दिसतो पण आत ओल असते. बेसॉल्टवर ऊन आलं की थोड्या वेळात हात लावायची जी सवय असते ती इथे सोडूनच जायची. निदान २४ तास, जोराचा पाऊस झाला तर ७२ किंवा त्याहून जास्त, आणि तरीही भिंतीच्या पायथ्याशी माती उकरून बघायची, खाली ओल लागली तर त्या दिवशी चढायचं नाही, विषय संपला. हे फक्त आपल्या जिवासाठी नाही असंही तू म्हणालीस, एक होल्ड तुटला की मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी तो रूट कायमचा बदलतो, हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलंच नाही. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये आता मोकळे दिवस ठेवलेत. पाऊस आलाच तर न्यूजपेपर रॉकवरची कोरीव चित्रं बघायची, हाताला गुंडाळायच्या टेप कापून ठेवायच्या, आणि वाट बघायची.

आणि सरावासाठीचं ते लाकडी क्रॅक, म्हणजे लाकडाची फट! तू पाठवलेलं स्केच बघून आम्ही दोन जाड फळ्या समोरासमोर लावल्या, मधे लांब बोल्ट, नट फिरवला की फट कमीजास्त होते. हातावरची सालं निघाली पण त्या फळ्यांवर जे शिकलो ते जिममध्ये कधीच शिकायला मिळालं नसतं. हँड जॅम, म्हणजे फटीत हात अडकवून धरणं, हे मी व्हिडिओत बघितलं होतं, पण अंगठा वर ठेवून हात सैल आत घालायचा आणि मग अंगठा तळव्यात दुमडला की हात आपोआप दोन्ही बाजूंना घट्ट बसतो, दाबत बसायची गरज नाही, हे तू कॅमेऱ्यासमोर हळूहळू करून दाखवलंस तेव्हा समजलं. पायाचंही तसंच, गुडघा बाहेर, पायाचा अंगठा वर आणि करंगळी खाली करून बूट आत सरकवायचा, मग गुडघा सरळ करत आणायचा, की पाय आत पिळला जाऊन अडकतो आणि त्यावर चक्क उभं राहता येतं. "वजन पायावर, हात फक्त अंग भिंतीशी धरायला" हे तू इतक्या वेळा बोललीस की माझा पार्टनर आता मी लटकले की तेच ओरडतो. बूटही तू बदलायला लावलेस, वाकड्या नाकाचे घट्ट बूट घरी ठेवून सपाट, कडक, घोटा झाकणारे, बोटं सरळ राहतील एवढे सैल.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते तू हाताची मापं घ्यायला लावलीस ते. माझे हात लहान, पार्टनरचे मोठे. कॅमलॉट नावाच्या कॅममधला लाल, म्हणजे १ नंबर, बसतो त्या फटीत माझा हात छान बसतो आणि त्याचा अर्धाच जातो, पिवळ्याच्या म्हणजे २ नंबरच्या फटीत तो आरामात आणि मला हात फुगवून फुगवून धरावं लागतं. म्हणजे पुस्तकात ५.१० अशी अवघडपणाची ग्रेड लिहिलीय ते नेमकं कुणाच्या हाताला ५.१० हे आधी बघायचं. इंडियन क्रीकच्या फटी दोन्ही बाजूंनी इतक्या समांतर की वीस-वीस मीटर माप बदलतच नाही, त्यामुळे तिथे हे हाताचं माप ग्रेडपेक्षा जास्त सांगतं. तू आमच्यासाठी रूट निवडलेस ते दोन वेगवेगळ्या याद्या करून, एक तिची एक त्याची असं वर लिहून. इतका विचार कोण करतं गं दुसऱ्याच्या ट्रिपसाठी!

फटीचं माप बदलत नाही त्याच कारणाने एकाच मापाचे सहा-सहा सात-सात कॅम लागतात, आणि ते विकत घ्यायचे म्हणजे ट्रिपच रद्द. तू स्वतःचे पाठवलेस, न मागता. सोबत चिठ्ठी होती की इंडियन क्रीकचा सुपरक्रॅक हा रूट १९७६ साली अर्ल विगिन्स, एड वेबस्टर आणि ब्रायन बेकरने केला तेव्हा स्प्रिंगचे कॅम बाजारातच नव्हते, समांतर फटीत हेक्स, म्हणजे धातूचे षटकोनी ठोकळे, अडकवत गेले, तेव्हा तुम्ही एवढे कॅम घेऊन घाबरू नका. ती चिठ्ठी मी रॅकच्या, म्हणजे कॅम वगैरे सामानाच्या, पिशवीतच ठेवलीय.

बाकी बारीकसारीक तर किती. रोप ७० मीटरचाच, आणि टोकाला गाठ मारल्याशिवाय बिले, म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळणं, सुरूच करायचं नाही. टॉप रोप, म्हणजे वरून लावलेला रोप, स्वतःच्या कॅराबिनरवरून (कडीवरून), कारण वाळू भरलेला रोप कानशीसारखा घासतो आणि तिथल्या खडकात कायम बसवलेल्या अँकरची झीज करतो. कॅम्पिंगच्या जागी पाणी नाही, म्हणून माणशी दिवसाला निदान ४ लिटर गाडीत हवंच. शौचासाठी पिशव्या, आणि त्या भरलेल्या परत आणायच्या. तू ऑक्टोबर सुचवलास कारण वसंतात ससाणे आणि गरुड काही भिंतींवर घरटी करतात आणि त्या भिंती तेवढ्या काळात टाळायच्या असतात, मला हे माहीतच नव्हतं. ऑक्टोबरच्या रात्री थंड असतात म्हणून जाड जॅकेट भरायलाही तूच लावलंस.

आणि ती काळी खडबडीत माती. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, लायकेन यांनी बांधून धरलेला जिवंत थर, ज्याच्यामुळे वाळवंटातली वाळू उडून जात नाही, एक पाऊल पडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. पायवाट, नाहीतर कोरड्या ओढ्याचं पात्र, नाहीतर सरळ खडक, याशिवाय कुठेच पाय ठेवायचा नाही. हे सांगताना तुझा आवाज बदलला होता. तसाच इंडियन क्रीक ज्यात येतं त्या बेअर्स इअर्सबद्दल बोलताना. ती जागा २०१६ मध्ये राष्ट्रीय स्मारक जाहीर झाली ते होपी, नावाहो, यूट आणि झुनी लोकांनी त्यासाठी लढा दिला म्हणून, ही त्यांच्या पूर्वजांची भूमी आहे, चित्रांना हात लावायचा नाही, जुन्या घरांच्या भिंतींना टेकायचंही नाही, शेजारची क्रॅक कितीही सुंदर असली तरी सोडून द्यायची. मी रॅक आणि रोपची तयारी करत होते, तू मला पाहुणी म्हणून जायची तयारी करून घेत होतीस, आणि हे सगळं कामावरून दमून आल्यावर, रात्री उशिरापर्यंत कॉलवर बसून.

युटातल्याच कॅसलटन टॉवर या सुळक्याचं मनात आहेच, लेटन कोर आणि हंटली इंगॉल्सने १९६१ ला काढलेला तो ५.९ चा रूट. तू म्हणालीस शेवटच्या दिवसांत ठेवा, आधी क्रीकमध्ये हात बसू देत, आणि तिथे खडकावर पांढऱ्या कॅल्साइटचा थर आहे तिथे पाय घसरतो ते लक्षात असू दे. आहे लक्षात. हवा बिघडली तर खालूनच बघून येऊ.

तुझ्या कॅमना हिरवी टेप लावलीय, आमच्यात मिसळणार नाहीत. परत देताना ब्रशने वाळू काढून, गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून ल्युब लावून देईन, आणि ज्यांच्यावर मोठा फॉल पडला असेल ते वेगळ्या पिशवीत ठेवीन, त्यांच्या स्लिंग आणि वायर तू स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय ते वापरू नकोस.

तुझी धाकटी रोपमेट