पोट दुखणाऱ्या मुलीला पाळीचं विचारा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पोटदुखीच्या शाळकरी मुली माझ्यापर्यंत येतात त्या बहुतेक उशिराच. तोवर जंताची गोळी झालेली असते, पित्ताची झालेली असते, कुणी दृष्टही काढलेली असते.

१४ वर्षांची एक मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोट धरून बसायची. पाळी अजून आलेली नव्हती, म्हणून त्या दिशेने कुणी विचारच केला नाही. लघवी अडली तेव्हा आणली. योनीमुखावरचा पडदा जन्मतःच पूर्ण बंद होता. पाळी येत होती, पण रक्ताला बाहेर पडायला वाट नव्हती. ते आत साठून मूत्रमार्गावर दाब आला होता. छोट्याशा शस्त्रक्रियेने ती मोकळी झाली. हे ओळखायला कसलं यंत्र लागतं? आडोशाला नेऊन चार प्रश्न विचारायचे, नीट तपासायचं.

बहुतेक मुलींचं दुखणं साधं, पाळीचंच असतं आणि मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळीने आटोक्यात येतं. पण गोळ्या घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, आहे का हे पाहायला हवं. ‘लग्न झालं की थांबेल’ हा सल्ला अजूनही दिला जातो, डॉक्टरांकडूनसुद्धा, याचा मला संताप येतो.

सर्वांत घाई असते ती बीजकोषाला (अंडाशयाला) पीळ पडतो तेव्हा. एका बाजूला अचानक कळ, सोबत उलट्या. उजवीकडे असेल तर अपेंडिक्स वाटतं. वेळेत पीळ सोडवला तर बीजकोष वाचतो, पण रात्री सोनोग्राफी करणारं कुणी नसलं की सकाळची वाट पाहिली जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत जातात. त्यांतल्या महिला डॉक्टरने दहा वर्षांवरील प्रत्येक मुलीशी एकटीशी बोलावं, पाळीची आणि पोटदुखीची नोंद करावी, असा आदेश काढा. आईसमोर, बापासमोर मुली बोलत नाहीत. अविवाहित मुलीला पाळीचं विचारलं की घरच्यांना तो संशय वाटतो. आणि अचानक पोट दुखून उलट्या होणाऱ्या मुलीला १०८ने थेट सोनोग्राफी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं, रात्रीसुद्धा.

आपली विश्वासू,
तालुक्यातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ