रिंगणातले अन्य

वेस्ट डी मॉइन, आयोवा
९ फेब्रुवारी २०२०

प्रिय संपादक,

(उपसंपादक म्हणूनच निवृत्त झालास हे माहीत आहे, पण या वयात तुला बढती द्यायला माझ्या बापाचं काय जातं.)

पुरानंतर एकदा फोन केला आणि मग गप्पच बसलो. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. माझी साखर ठीक, हिचा गुडघा होता तसाच. तुमच्या भिंतींची ओल गेली का? वहिनींचं शिवणयंत्र पाण्यात गेलं ते गेलंच का दुरुस्त झालं? कळव.

आता खरं सांगतो, कशासाठी लिहितोय. आपली धाकटी एका माणसाच्या मागे लागली आहे. घाबरू नकोस, त्याला बायको आहे, दोन मुलगे आहेत आणि तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा आहे. अँड्र्यू यांग. तुमच्याकडच्या पेपरात नाव आलं असलंच तर ‘याशिवाय’ या शब्दानंतर आलं असेल. आईवडील तैवानहून आलेले, स्वतः न्यूयॉर्कचा, आजवर साध्या नगरसेवकपदालाही उभा राहिलेला नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात अर्ज भरला तेव्हा त्याच्या गल्लीबाहेर त्याला कोणी ओळखत नसावं. सांगणं एकच : यंत्रं नोकऱ्या खाणार आहेत, तेव्हा अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारने महिन्याला १००० डॉलर द्यावेत. कार्यकर्त्यांच्या टोपीवर ‘मॅथ’ लिहिलेलं असतं. ट्रम्पच्या बरोब्बर उलटा माणूस म्हणजे गणित आवडणारा आशियाई, असं तो भाषणात म्हणतो. तू या पक्षात बसणार नाहीस, तुझे गणिताचे मार्क मला पाठ आहेत.

ही पोरगी विमा कंपनीत जोखमीचा हिशेब करते. लोक किती वर्षांनी मरतील हे पैशात सांगणं हे तिचं काम. तिला या माणसाच्या निवडून येण्याची शक्यता काढता येत नसेल असं नाही. तरी बिनपगारी रजा टाकून डिसेंबरपासून दारोदार फिरत होती. बाहेर उणे पंधरा. घरी आली की आधी बूट काढायचे, मग ट्विटर उघडून टीव्हीवाल्यांना शिव्या. हिने विचारलं, एवढं काय आहे त्याच्यात? तर म्हणे, बाबांना विचार, त्यांनी सरांच्या कपबशी निशाणीचा प्रचार केला होता. म्हणजे आपलं सगळं तिला ठाऊक आहे. मीच सांगितलंय, वाढवून.

सोमवारी कॉकस झालं, म्हणजे ट्रम्पविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाकडून कोणी उभं राहायचं याचं आयोवातलं मतदान. ही भानगड आपल्या मतदानासारखी नाही. शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्यांनी संध्याकाळी सातला जमायचं आणि ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. उघड. शेजारी, पोस्टमन, दाताचा डॉक्टर, सगळे बघत असतात. मग डोकी मोजतात. हजर असलेल्यांच्या १५ टक्के माणसं ज्याच्या कोपऱ्यात नाहीत तो बाद. त्याच्या लोकांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी. आमच्याकडे अडीचशेच्या आसपास माणूस होता. यांगच्या कोपऱ्यात आम्ही पंचवीसेक. धाकटी प्रमुख.

आणि मग ती दहा-पंधरा मिनिटं. तू असायला हवा होतास, तुला त्यातलं सगळं कळलं असतं. बाकीच्या कोपऱ्यांतले लोक हसतमुखाने चालत आले. हातात बिस्किटं. “तुमचा माणूस मला खरंच आवडतो,” असं प्रत्येक जण म्हणत होता. शपथेवर सांगतो, प्रत्येक. “फार हुशार आहे. पण या वेळी...” आमच्यातला एक शेतकरी, टोपीसकट, सँडर्सकडे गेला. कॉलेजची पोरं बुटिजेजकडे. आमची ही क्लोबुचारकडे गेली आणि वर मला खुणावलं, चला म्हणून. मी धाकटीशेजारीच बसून राहिलो. दुसऱ्या फेरीत माझं मत कुठेच धरलं गेलं नाही. तू म्हणशील, आयुष्यभर हेच केलंस. बरं.

निकाल तर त्या रात्री लागलाच नाही. मोजणीचं ॲप बिघडलं आणि सबंध देश तीन दिवस बोंबलत बसला. तुमच्याकडे पहाटे शपथविधी उरकतात, आमच्याकडे जिंकलं कोण हे अजून नीटसं ठरलेलं नाही. शेवटी आकडे आले त्यात बुटिजेज आणि सँडर्स जवळजवळ बरोबरीत. यांग पहिल्या फेरीत ५ टक्के, दुसऱ्या फेरीनंतर प्रतिनिधींच्या हिशेबात १ टक्का. पहिल्या फेरीचे आकडे पक्षाने यंदा पहिल्यांदाच जाहीर केले. म्हणजे आमचे पंचवीस जण इतिहासात प्रथमच कागदावर आले, आणि बातम्यांत चालला तो दुसरा आकडा. टीव्हीच्या तक्त्यात वरचे चार-पाच. धाकटी माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा, तुमचे संपादककाका इथेही नोकरीला आहेत.”

तेव्हा तुला लिहायचं ठरवलं.

सरांची निवडणूक आठव. मी प्रचारप्रमुख, म्हणजे रिक्षात कर्णा धरणारा. तू नुकताच पेपरात लागलेला. आम्हाला वाटलं, आपला माणूस आत आहे, आता काय. आणि तू काय छापलंस? “याशिवाय सहा अपक्ष रिंगणात आहेत.” सरांचं नावही नाही! टपरीवर जे भांडण झालं ते चहावाल्याने पुढे दहा वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं. तू म्हणालास, सभेला माणसं आण, बातमी लावतो. मी म्हणालो, बातमी लाव, माणसं येतात. मग बोलणंच बंद. तेच भांडण आता इथे कोट्यवधी डॉलर खर्चून चाललंय.

इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने त्यावर काढलेला तोडगा तुझ्यासारख्या कारकुनी डोक्याला आवडेल. जूनमधल्या पहिल्या वादसभेत उभं राहायला अट : एकतर ६५,००० देणगीदार, नाहीतर तीन जनमत चाचण्यांत १ टक्का. देणगी एक डॉलरची का असेना. यांगला पेपरांनी विचारलं नाही, तर हा गेल्या फेब्रुवारीत जो रोगन नावाच्या विनोदवीराच्या पॉडकास्टवर जाऊन तासन्‌तास बोलला, आणि तिथून पैसे सुरू झाले. म्हणजे बातमी न लावता माणसं आली! मी जिंकलो का तू, सांग.

पण पुढचं ऐक. मायामीत, त्या पहिल्या वादसभेला, दोन रात्रींत वीस उमेदवार. यांगला पुरती तीन मिनिटंही मिळाली नाहीत, त्या मंचावर सगळ्यांत कमी. एमएसएनबीसी वाहिनीच्या तक्त्यांत त्याच्याहून मागे असलेले दिसायचे, हा नसायचा. एकदा दाखवला तर नाव ‘जॉन’. नोव्हेंबरात तो चिडून म्हणाला, प्रसारणात माफी मागा, तोवर तुमच्याकडे येत नाही. पुढे स्वतःच गेला परत. जाणार नाही तर काय करणार. अट मात्र दर महिन्याला चढत गेली. जानेवारीची वादसभा आमच्या गावात, ड्रेक विद्यापीठात. अट २,२५,००० देणगीदार आणि चार चाचण्यांत ५ टक्के. देणगीदार होते. चाचण्या मात्र नाताळच्या सुट्टीत कोणी घेतच नव्हतं. पक्षानेच चार घ्याव्यात अशी याने विनंती केली, ती फेटाळली. मंचावर सहा जण आणि सहाही गोरे. मग ३१ जानेवारीला पक्षाने नेवाडातल्या वादसभेसाठी देणगीदारांची अटच काढून टाकली. अब्जाधीश उमेदवार ब्लूमबर्ग स्वतःच्या खिशातून उधळतो, देणगी मागतच नाही, त्याला वाट मोकळी. त्या दिवशी धाकटी जेवली नाही. आणि खरं सांगू, मलाही सरांच्या वेळेचा तो साखर कारखान्याचा ट्रक आठवला.

शेजारचा म्हातारा रॉन पॉल या रिपब्लिकन उमेदवाराचा जुना भक्त. तो हसतो आम्हाला. २०११ मध्ये आयोवातल्याच एम्सच्या नमुना मतदानात त्याचा माणूस पहिल्या नंबरापासून फक्त १५२ मतांनी मागे होता, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा त्याला सोडून सगळ्यांची. हॉवर्ड डीन या डेमोक्रॅटिक उमेदवाराचं उलट झालं. २००४ मध्ये आमच्याच उपनगरातल्या नाचघरात हरल्याच्या रात्री पोरांना चेव यावा म्हणून ओरडला, आणि ते ओरडणं टीव्हीने इतक्यांदा वाजवलं की त्याचं बाकी काही कोणाला आठवत नाही. प्रसिद्धी हवी होती ना, घे.

आणि सगळ्यांचा देव जिमी कार्टर, पुढे अध्यक्ष झालेला. इथे ज्याच्या खिशात दमडी नाही आणि ज्याला कोणी ओळखत नाही असा प्रत्येक उमेदवार कार्टरची पोथी वाचतो. जॉर्जियाचा शेंगदाणेवाला, ‘कोण हा जिमी?’ म्हणून पेपर विचारत, लोकांच्या घरी मुक्काम करायचा. १९७६ च्या कॉकसमध्ये पहिला आला म्हणतात. खरं तर पहिले आले ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारे, ३७ टक्के. कार्टर २८ च्या आसपास. पेपरांनी लिहिलं, कार्टर जिंकला! त्याच्या आठ वर्षं आधी न्यू हॅम्पशरमध्ये सिनेटर यूजीन मॅकार्थी ४२ विरुद्ध ४९ असा चक्क हरला होता, पण जॉन्सनसारख्या राष्ट्राध्यक्षाला एवढं जवळ गाठलं म्हणून तो विजय धरला गेला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी जॉन्सनने माघार घेतली. म्हणजे तुम्हा पत्रकारांची जात मतं मोजत नाही, अपेक्षेपेक्षा किती जास्त पडली ते मोजते. आणि अपेक्षा ठरवतं कोण? पुन्हा तुम्हीच. माझं मत असं की कार्टर आला तेव्हा आयोवात वार्ताहर फिरकत नव्हते, म्हणून त्याचं जमलं. आता उमेदवाराआधी कॅमेरे पोचतात. ते दार त्याच्यामागे बंद झालं आणि चव्वेचाळीस वर्षं लोक ते ठोठावताहेत.

धाकटीला वाटतं, टीव्हीने दाखवला असता तर यांग आला असता. मी तिला बुटिजेज दाखवतो. लाखभर वस्तीच्या गावचा महापौर, वर्षापूर्वी त्याचं आडनावही कोणाला म्हणता येत नव्हतं, आज पहिला. ती म्हणते, त्याचा चेहरा त्यांना अध्यक्षासारखा वाटतो, आमच्या माणसाचा वाटत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती अगदीच चुकीचं बोलत नाही.

पण मला खुपतंय ते वेगळंच. त्या व्यायामशाळेत यांग माहीत नाही असा एकही माणूस नव्हता. सगळ्यांना ठाऊक होता, बहुतेकांना आवडतही होता. मत नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यात एकच, ट्रम्पला कोण पाडेल. म्हणजे प्रत्येक जण शेजारी काय करेल याचा अंदाज बांधून त्याप्रमाणे पाय उचलत होता. सरांना गावात कोण ओळखत नव्हतं? निम्म्या गावाच्या कानाखाली त्यांनी आवाज काढला होता. “सर लाख चांगले, पण मत वाया जाईल,” हे वाक्य मी रिक्षात बसून घरोघर ऐकलं. तू चार रकाने छापले असतेस तरी तेच ऐकलं असतं असं आता वाटायला लागलंय. हे तुला लिहून देतोय म्हणून माज करू नकोस. नाव छापायला हवं होतंसच.

शेषन गेले तेव्हा तुझी आठवण झाली होती. १९९७ ला शिवसेनेच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले तेव्हा देशातलं शेंबडं पोर त्यांना ओळखत होतं. नारायणन यांना साडेनऊ लाखांच्या वर मतमूल्य, यांना पन्नास हजार. तू तेव्हा काय मथळा दिला होतास ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तर आता धाकटी न्यू हॅम्पशरला आहे. स्वखर्चाने, पाच पोरं एका भाड्याच्या गाडीत. तिथे १००० डॉलर भरले की कोणीही उभं राहू शकतं, त्यामुळे मतपत्रिकेवर तीसच्या वर नावं. शुक्रवारच्या वादसभेत यांगला घेतलं, म्हणून पोरं पुन्हा हवेत. मंगळवारी मतदान. मला भीती तो हरण्याची नाही. तो हरेल. ही परत आली की “लोकच नालायक” असं म्हणायला लागेल का, ही भीती. आपल्यातले किती जण तसे झाले ते तू जाणतोस. सर झाले नाहीत. उरलेली पत्रकं वर्गात वाटली आणि कोऱ्या बाजूवर पोरांकडून चित्रं काढून घेतली, वर्ष-दोन वर्षं. मी हे तिला सांगायला गेलो तर बाप उपदेश करतोय असं होतं. तुझं ती ऐकते. तू वाईट बोलतोस म्हणून ऐकते.

तेव्हा एवढं कर. तिथली मतमोजणी आपल्याकडे बुधवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुरू होईल. दिल्लीचा निकाल मंगळवारीच लागलेला असेल, म्हणजे तू मोकळा असशील. दुपारच्या आत तिला फोन कर. नंबर खाली देतो. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. फक्त डिपॉझिटचा विषय काढू नकोस. इथे डिपॉझिट जप्त होत नाही, आणि ते काय असतं हे समजावण्यात तुझा सगळा कॉल जाईल.

मुलाच्या बदलीचं काय झालं? आणि नात चालायला लागली का, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार. पत्राचं उत्तर पत्राने दे, अंगठा पाठवलास तर याद राख.

तुझा,
प्रचारप्रमुख