'पॉसिबिलिटी' आणि 'हूज': मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा इंग्रजी मसुदा वाचला. मुद्दे नेमके आहेत, पण 'पॉसिबिलिटी' (possibility, शक्यता) आणि 'हूज' (whose, ज्याचा) या दोन शब्दांपाशी वाक्यं अडखळतात. अर्थ तुला पक्के ठाऊक आहेत. चुकते ती वाक्यातली जागा. मनात मराठी वाक्य तयार होतं आणि त्याच क्रमाने तू इंग्रजी शब्द मांडत जातोस.

हूजपासूनच सुरुवात करतो. मराठीत 'ज्याचा' म्हटलं की पुढे 'तो' किंवा 'त्याला' आल्याशिवाय कानाला पुरं वाटत नाही. त्या सवयीने तू 'द बॉय हूज हिज फादर इज अ डॉक्टर' लिहिलंस. अरे, तो 'हिज' हूजच्या पोटातच आहे! हूजला लागून थेट नाम हवं, मध्ये 'हिज' नको आणि 'द'ही नको: 'द बॉय हूज फादर इज अ डॉक्टर'. आपल्या ज्याचा-ज्याची-ज्याचेसारखं ते बदलतही नाही, तेवढी सोय आहे.

निर्जीव वस्तूंना हूज लावू नये, असं तू म्हणतोस. ते डोक्यातून काढून टाक. 'अ हाउस हूज रूफ लीक्स' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. जुन्या इंग्रजीत 'हू' आणि 'व्हॉट' या दोघांचं षष्ठीचं रूप एकच होतं, आणि हूज त्यातूनच आलं. 'ऑफ व्हिच'चा द्राविडी प्राणायाम कशाला? अ‍ॅपॉस्ट्रॉफी असलेलं हूज (who's) मात्र वेगळं; ते 'हू इज' किंवा 'हू हॅज'चं आखूड रूप. उच्चार एकच, त्यामुळे ऐकून फरक कळत नाही. शंका आली की त्या जागी 'हू इज' किंवा 'हू हॅज' घालून वाचून बघ.

आता पॉसिबिलिटी. 'पॉसिबल'पुढे 'टू' येतं म्हणून तू इथेही टू लावतोस. इथे लागतं 'ऑफ' किंवा 'दॅट'. नुसतं नाम असेल तर ऑफ: 'देअर इज अ पॉसिबिलिटी ऑफ रेन'. कोण काय करेल हे सांगायचं असेल तर दॅट सोपं पडतं: 'देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट ही विल कम'. त्यातला 'अ' गाळू नकोस. आणि तुला खरं तर संधी म्हणायचं असेल, तर 'ऑपॉर्च्युनिटी टू' लिही. एरवी साधं 'इट मे रेन' म्हटलं तरी भागतं, आणि मला तर तेच जास्त आवडतं.

तुझ्या मसुद्यातलं सगळ्यात अवघड वाक्य हे: 'ज्या विद्यार्थ्याचा अर्ज अपुरा आहे, त्याला प्रवेश न मिळण्याची शक्यता आहे.' आपली शक्यता शेवटी येते, इंग्रजीत ती आधी आण: 'देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट'. मग विद्यार्थी, आणि त्याला चिकटून हूज: 'द स्टूडंट हूज फॉर्म इज इनकम्प्लीट'. शेवटी 'विल नॉट गेट अ‍ॅडमिशन'. 'त्याला'साठी वेगळा शब्द नाही, कारण विद्यार्थी स्वतःच कर्ता झाला. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ, क्रम जिभेवर बसेल.

पुढच्या दोन परिच्छेदांत अशीच वाक्यं आहेत. ती मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाहीत. तू करून पाठव, मी लगेच बघतो.

तुझा,
श्रीधर