इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकून गुण का मिळत नाहीत?

महोदय,

सातारा, कराड, सांगलीच्या अभ्यासिकांत एनडीए, सीडीएस (दोन्ही सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या) आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुले अवघड इंग्रजी शब्दांच्या ए-टू-झेड याद्या घोकत असतात. मेहनतीत खोट नाही, पद्धतीत आहे. एनडीएच्या सामान्य क्षमता चाचणीत ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १.३३ वजा. मुळीच न येणारा शब्द सोडून देता येतो. अर्धवट येणाराच घात करतो.

यादीत 'इन्जीनिअस' (कल्पक) आणि 'इन्जेन्युअस' (निष्कपट) शेजारी शेजारी येतात. 'क्रेडिबल' (विश्वासार्ह) आणि 'क्रेड्युलस' (कशावरही विश्वास ठेवणारा) यांचेही तेच. अशी जोडी एकाच बैठकीत पाठ केली की दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि प्रश्न काढणारा नेमके तेच दोन पर्याय देतो. एक शब्द पक्का होऊ द्यावा, दुसरा आठवड्याने घ्यावा.

एका शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहिणेही पुरत नाही. 'टेनेशस' आणि 'ऑब्स्टिनेट' या दोघांपुढे 'हट्टी' लिहिलेले असते. पहिल्यात चिकाटीचे कौतुक आहे, दुसऱ्यात हेकेखोरपणाची नावड. म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डावर एका बाजूला गाळलेली जागा असलेले वाक्य लिहावे. मागे शब्द, अर्थ, छटा (स्तुती की निंदा) आणि उच्चार. उच्चाराचा कंटाळा करू नये. 'एपिटमी'ला 'एपिटोम' आणि 'हायपर्बली'ला 'हायपरबोल' म्हणणारे एसएसबीच्या (सैन्यदलाच्या निवड मंडळाच्या) गटचर्चेत लगेच उघडे पडतात.

लॅटिन धातूंवरून शब्द लावणे उपयोगी आहे. 'बेने' म्हणजे चांगले, 'मॅल' म्हणजे वाईट, एवढ्यावर बेनिव्होलंट, बेनिफॅक्टर, मॅलिव्होलंट, मॅलाइन असे बरेच सुटतात. पण क्लासमध्ये हे जादूच्या किल्लीसारखे सांगतात, तिथे सावध राहावे. 'मॅलिएबल'चा वाईटाशी संबंध नाही. तो हातोड्याच्या लॅटिन शब्दावरून आला, अर्थ ठोकून आकार देता येण्याजोगा. 'इन' म्हणजे नकार असे धरले तर 'इनफ्लेमेबल'चा अर्थ थेट उलटा होतो. तो ज्वालाग्राहीच आहे. धातूवरून अंदाज बांधावा आणि कोशात खात्री करावी.

रोज आठ-दहा नवे शब्द पुरे. पन्नास घेणाऱ्याची उजळणी तुंबते आणि तिथेच सगळे बिघडते. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले. तेव्हा उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी करावी. चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. उत्तर झाकून आठवायचे, नुसती नजर फिरवायची नाही. ओळखीचा वाटणारा शब्द येतोच असे नाही.

राहिला प्रश्न कोणते शब्द घ्यायचे. भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दसूची ५७० शब्दकुलांची (एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपे म्हणजे एक कुल) आहे. आधी ती संपवावी, मग जुन्या प्रश्नपत्रिकांतले शब्द. क्वचित भेटणारे भारदस्त शब्द सर्वांत शेवटी.

जिल्ह्यातील वाचनालयांना एक विनंती. अभ्यासिकेत इंग्रजी-मराठी कोश बहुधा असतो. त्याशेजारी विद्यार्थ्यांसाठीचा, उदाहरण-वाक्ये देणारा इंग्रजी-इंग्रजी कोशही ठेवावा. दोन प्रती तरी हव्यात, कारण परीक्षेच्या महिन्यात एक पुरत नाही.

– इंग्रजीचे काही शिक्षक, सातारा